माऊसचा सेल

मामंजींचं तेरावं झाल्यावर मी पुन्हा घरून काम सुरू केलं, तर माऊस बंद! माझा नवरा शेखर तो चार्ज करतो, असंच मला वाटायचं. गंगापूर रोडच्या दुकानात नेला.

"ताई, हा चार्जिंगचा नाही," दुकानदाराने खालचं झाकण उघडून दाखवलं. "याला सेल लागतो. संपला की बदलायचा."

घरी येऊन शेखरला विचारलं.

"मी? मी तर त्याला कधी हातही लावला नाही."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "हेच बदलायचे गं, तू उठायच्या आत. सुनेचं काम अडायला नको, म्हणायचे."



लग्न त्यांच्या मनाविरुद्ध झालं, म्हणून मामंजी माझ्याशी शेवटपर्यंत एक शब्दही बोलले नव्हते.