मिलिमीटरभर

रंगुबाईंचा कृत्रिम पाय ढिला बसत होता. तो बदलून घ्यायला मुलगा अमृत त्यांना श्रीगोंद्याच्या शिबिरात नेत होता. आज शेवटचा दिवस. वाटेत तो गाडीला अलॉय व्हील बसवायला थांबला.

"मधलं भोक मिलिमीटरभर मोठं हाय. आत रिंग घालून बसवतो," दुकानदार म्हणाला.

"असलं जुगाड नको. ढिलं बसलं की गाडी थरथरती. मापाचंच मागवा, थांबतो आमी."

"आरं, चारला शिबिर बंद हुतंय," रंगुबाई म्हणाल्या.

मापाची चाकं नगरहून यायला साडेचार वाजले.

 

"आये, पायात जरा चिंधी कोंब," गाडी सुरू करत अमृत म्हणाला. "एवढ्या तेवढ्यानं काय हुतंय?"