मरणाची आठ घरं

बिरप्पाची थोरली नात ऋतुजा हिनं जमलेली सोयरीक मोडून सोलापुरात कोबोल ही संगणकाची जुनी भाषा शिकायचा क्लास लावला, त्या सालची गोष्ट. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीमागच्या खोलीत ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी आजा पडद्यात डोकं घालून. भिंतीला टेकून त्याची भावजय फुलाबाई तांदूळ निवडत होती, कपाळावर ठसठशीत कुंकू.

सरांनी सरावासाठी घरच्या माणसांची फाईल करून आणायला सांगितली होती. नाव, जन्म, मरण.

"माज्या नावाम्होरं ही शून्यं कसली?" बिरप्पानं विचारलं. म्हातारपणी अक्षरं शिकल्यापासून तो लिहिलेलं काहीही दोनदा वाचल्याशिवाय सोडत नसे.

"मरणाची तारीख लिवायची जागा. आठ घरं."

"मी जिता बसलोय की हितं! आत्ताच जागा धरलीस व्हय?"

फुलाबाई हसली. "धरू द्या भावजी. एस्टीत रुमाल टाकत्यात तसं."

"आबा, समद्यांच्या नोंदी सारख्याच लांबीच्या लागत्यात. जित्यालाबी आठ घरं, मेल्यालाबी. जित्याच्या घरांत शून्यं घालायची."

बिरप्पाला ते पटेना. जमिनीला वारस लावताना तलाठीही हेच विचारतो. "तुज्या बानं जमिनीपायी लावून दिलंय का तुला?"

"त्यांचा काय संबंध?" म्हणत ऋतुजा नोंदी तपासायला मोठ्यानं वाचू लागली. पणजा झाला, पणजी झाली.

पुढचं नाव कुणाचं, ते बिरप्पाला ठाऊक होतं. त्याचा थोरला भाऊ, फुलाबाईचा नवरा चन्नप्पा. मेंढरं घेऊन कर्नाटकात गेला, तो तीस वर्षं घरी आला नव्हता. "हाय कुटंतरी," असं बिरप्पा सांगत आला होता. विजापुरात त्याला आपल्या हातानं माती दिली, हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. वैनीचं कुंकू आपल्या तोंडानं पुसायचं, ते त्याच्यानं झालं नव्हतं.

"एक नाव सोड. फुडचं वाच."

"सोडता येत न्हाय आबा. ही फाईल वरनं खाली एकेक करूनच वाचायची." आणि तिनं वाचलं, "चन्नप्पा. जन्म एकोणीसशे सेहेचाळीस. मरण, शून्य."

फुलाबाईचा हात सुपातच थांबला.

"शून्य म्हंजी?"

"जिता, मोठी आई."

"खोटं लिवू नगंस."

बिरप्पा ताडकन उठला. "कुणी सांगितलं तुमाला, वैनी?"

"तुमीच. त्या साली विजापूरहून डोस्कं भादरून आला. नवस फेडला म्हनला. पर मिशीबी काढली हुती, भावजी. नवसाला मिशी कोण काढतं?"

त्यानं तिच्या कपाळाकडं बोट केलं. "मग हे कुंकू?"

"दर बाजाराला तुमीच आणत हुता की."

तिनं सूप खाली ठेवलं. "कुठल्या दिवशी गेलं, तेवढं मातर मला ठावं न्हाय. सांगा. पोरगी खोळंबलीया."

बिरप्पा परत खाली बसला. मग त्यानं सांगितलं.

चन्नप्पा चौऱ्याण्णव सालच्या जूनच्या पंचवीस तारखेला, कारहुणवीच्या सणानंतर दोन दिवसांनी, विजापुरात वारला.