अखाजीचे गोटे

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला तापी आटून अरुंद झालेली असे, आणि दोन्ही काठांवरच्या गावांतल्या बाया एकमेकींना शिव्या घालत गोटे मारत. रीतच होती. एका वर्षी समोरच्या काठावरच्या पोरीचा डोळा गेला.

पुढच्या अखाजीपासून आमचे तोताराम आबा डोक्यावर पितळेची परात धरून आपली होडी मधोमध नेऊन उभी करू लागले. "माले मारा, पोरीस्ले नको," असं ओरडत दोन्हीकडचे गोटे अंगावर घेत. मग रक्ताळलेल्या धोतरानेच घरी येऊन हसत आमरसाला बसत. लोक म्हणत, म्हाताऱ्याला होडीचं वेड आहे, सणसुद्धा पाण्यातच करतो.

छप्पन साली पिकल्या वयात आबा गेले. नंतरच्या पहिल्या अखाजीला सकाळी घरात पितर म्हणून त्यांच्या नावाची घागर भरली आणि दुपारी नदीवर पहिल्याच माऱ्यात आमच्या लताचं कपाळ फुटलं. समोरही कुणीतरी रक्ताने माखून खाली बसली.

तेव्हा आजी, झुंबरबाई, पाण्यात उतरली. ती चेपलेली परात तिने रिकाम्या होडीत ठेवली आणि होडी मधोमध लोटून दिली.

"मारा वं बठ्ठ्या. बुढा मधीच बशेल शे."

म्हातारा अजून मधेच बसलाय, हे तिने दोन्ही काठांना ओरडून सांगितलं. मग दोन्ही काठांवरून गोटे सुटले, सगळे होडीवरच. होडी गोट्यांनी भरत गेली आणि बुडाली.



पहिला हंबरडा समोरच्या काठावरच्या त्या एका डोळ्याच्या बाईने फोडला.