डब्यातलं लिंबू

वीज आली की डाळिंबाच्या बागेची मोटर आपोआप चालू करणारा डबा मी स्वतः बनवला, आणि नेमका तोच वीज आली की गप्प बसायला लागला. फुलं गळायला लागली. अडकलेला प्रोग्राम पुन्हा सुरू करणारा वॉचडॉगच बिघडलाय, असं ठरवून मी इंजिनिअरच्या रुबाबात, झाकण न उघडताच, नवनवे प्रोग्राम भरत राहिलो. शेवटी बायकोनं झाकण उघडलं. आत नजर लागू नये म्हणून बांधलेलं लिंबू एक बटण दाबून बसलं होतं. वीज येताना ते बटण दाबलेलं असलं, की यंत्र काम सोडून नव्या प्रोग्रामची वाट बघतं.

"आत्या, लिंबू तुमी बांधलं व्हय?" तिनं माझ्या आईला विचारलं.

"न्हाय गं," आई म्हणाली, "माझा लेकावर लई भरवसा हाय की."

मी गाठ सोडायला बसलो. माझ्याच हातची होती, सुटता सुटेना.