बारा हात

"लेखाची गय करायची नाही. धोपटून काढला की खरं काय ते ओकतो," असं जीवरसायनशास्त्राचे सर प्रत्येक तुकडीला शिकवत. आज त्यांनी मोठ्या हौसेने स्वतःचाच शोधनिबंध पडद्यावर लावला होता. मुका मार बसल्यावर कातडीखाली साकळलेल्या रक्ताचं विघटन कसं होतं आणि जांभळा वळ आधी हिरवा, मग पिवळा का पडतो, हा त्याचा विषय. पडद्यावर बारा हातांचे फोटो होते. एकावर पट्ट्याचे वळ, एकावर रुतलेली पाच बोटं, एकावर बुटाच्या टाचेचा ठसा.

"बारा रुग्ण, बारा अपघात," सर म्हणाले.

"सर, टाचेचाही अपघात?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं आणि वर्ग हसला.

"गर्दीत पडला असेल कुणाचा पाय," सरही हसले. "हे किरकोळ झालं. खरी चूक दाखवा."

पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. तिची नजर अजून पडद्यावरच होती.

 

"रुग्ण बारा नाहीत. सगळ्या मनगटांवर तोच तीळ आहे, बाबा. आईचा."