उंदरानं पास केलेलं घर

प्लेगच्या साली खामगावातली घरं तपासायचं काम डॉक्टरांनी बिनशेपटीच्या विलायती उंदरांवर सोपवलं होतं. बंद घरात एक सोडायचा. पिसवा चावून तो मेला तर घरात रोग आहे. जगला तर माणसांनी खुशाल परत यावं. उंदराचं मत कोणी विचारत नसे.

उकंडरावच्या शालूबाईचे दिवस भरत आले होते. तिला शेतातल्या छपरात नव्हे, घरीच बाळंत व्हायचं होतं. म्हणून मी, डॉक्टरांचा शिपाई, कुलूप काढताना दोघं माझ्या मागेच उभे होते.

उंदीर जिवंत होता. त्याच्या अंगाला तेल चोळलेलं होतं, डोळ्यांत काजळ होतं आणि गालावर तीट.

"कोनं केलं बे हे?" उकंडरावनं विचारलं.

"मी नाही, भाऊ. मले सोताच्या डोक्याले तेल भेटत नाही."

किल्ली माझ्याच कनवटीला होती. खिडक्या आम्हीच खिळ्यांनी ठोकल्या होत्या. न्हाणीतला पाट मात्र ओला होता.

"घर पास झालं," मी उंदराला उचलत म्हणालो.

शालूबाई उंबऱ्यातच थांबली. तिनं पोटावर एक हात ठेवला, मग दुसराही.

"दादा, पोटातलं हालूनच नाही राह्यलं."

माझ्या हातात उंदरानं पाय झाडले.