फोटोत माणूस हवा

दर रविवारी सकाळी छापखान्याच्या वरच्या खोलीत फोटोग्राफर मंडळी जमायची आणि एकमेकांच्या प्रवासातल्या फोटोंची मनोभावे चिरफाड करायची. त्यात सगळ्यांत ज्येष्ठ मास्तर. त्यांचा स्वतःचा नवा फोटो कित्येक वर्षांत कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांच्या मताला फार मान होता.

आज दाताच्या डॉक्टरांची पाळी होती. त्यांनी पडद्यावर एक तळं दाखवलं. वर धुकं, पुढे लाकडी धक्का, मागे डोंगर. चार पहाटा थंडीत कुडकुडत काढल्यावर हा एक फोटो हाती लागला होता. डॉक्टरांचा जीव नुसता वरखाली होत होता.

"प्रकाश उत्तम. क्षितिज सरळ," मास्तर म्हणाले. "पण फोटो ओकाबोका वाटतो हो. त्या धक्क्यावर एखादं माणूस हवं होतं. वहिनींना उभं करायचं की!"

बाकीच्यांनी लगेच माना डोलावल्या.

"बारा वर्षं ती माझ्या प्रत्येक फोटोत असायची," डॉक्टर म्हणाले. "तुम्हीच म्हणायचात, निसर्गात बायको कशाला, काढा तिला. मग जिथे जाऊ तिथे मी तिला सांगायला लागलो, जरा बाजूला हो."

"मग?"

"गेल्या महिन्यात झाली बाजूला. आता बहिणीकडे राहते."

मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग पडद्याकडे बघत म्हणाले, "असं असेल तर कृष्णधवल करून बघा. जास्त खुलेल."